उलथन्याला काय लावलंय?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि एक अटही घातली आहे, सॉफ्टवेअरबद्दल बोलायचं नाही. मान्य. तसंही तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी आता कुणी ना कुणी आयटीत आहे, त्यामुळे आमचे नाइट कॉल आणि डेडलाइन तुम्हाला पाठ झालेत. मी बोलणार आहे तुमच्या पिशवीतल्या वस्तूबद्दल. काढून हातात घ्या. हे उलथनं आहे. कुणाकडे याला कालथा म्हणतात, कुणाकडे सराटा, कोकणातल्यांकडे काविलथा. बाभळीचं आहे आणि मी हाताने कोरलंय. लॉकडाऊनमध्ये घराच्या गॅलरीत सुरू झालेला हा उद्योग आता घरच्यांनी स्वीकारला आहे, म्हणजे गॅलरी त्यांनी सोडून दिली आहे.

आपल्या ग्रुपवर फोटो टाकल्यापासून मला एकच प्रश्न येतोय. 'छान आहे, पण चकाकत का नाही? पॉलिश राहिलंय का?' आणि त्याच्या उलट बाजूने, ज्यांच्या घरी लहान नातवंडं आहेत त्यांच्याकडून, 'याला काय लावलंय? पोटात गेलं तर?' दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण तिच्यावरून काहीजण माझ्यावर नाराज आहेत. मेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा शाळेतली जुनी बाकं निकालात निघत होती. आपल्यातल्या एकाने सुचवलं की त्याच लाकडाची उलथनी आणि पोळपाट करून सगळ्यांना द्यावेत. म्हणजे ज्या बाकावर बसलो त्याच लाकडावर पोळी लाटायची! कल्पना इतकी सुंदर होती की ग्रुपवर एका संध्याकाळीत पन्नासेक अंगठे वर गेले. मी नाही म्हणाले. स्वयंपाकाची एकही वस्तू त्या लाकडाची करणार नाही, असं सांगितलं.

कारण असं. ती बाकं आपल्या आधीपासूनची. इतक्या वर्षांत त्यांच्यावर किती वेळा रंग चढला असेल ते मोजा. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर बंधन घालणारे नियम आले २०१६ साली आणि लागू झाले १ नोव्हेंबर २०१७ पासून. मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग. त्याआधीच्या ऑईल पेंटमध्ये, विशेषतः पिवळा, लाल, हिरवा अशा झगझगीत रंगांत, शिसं याच्या कित्येक पट असू शकायचं. लाकूड तासलं की रंग जातो असं वाटतं, पण रंग लाकडाच्या रंध्रांत, फटीत, खिळ्यांच्या भोकात उतरलेला असतो. आणि तासताना, घासताना जी धूळ उडते ती तर रंगापेक्षा वाईट, कारण ती थेट श्वासात जाते. लहान मुलांसाठी शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीच पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात आपण बाकावर काय काय सांडलंय ते आपल्यालाच माहीत. शाई, डिंक, प्रयोगशाळेतलं मोरचूद. त्या लाकडाचा पोळपाट करून मी माझ्या बाईंच्या हातात देणार नाही.

म्हणून एक फळी आहे तशी, न घासता, स्टेजच्या डाव्या बाजूला ठेवली आहे. कर्कटकने कोरलेली नावं वाचता येतात. काही नावांच्या मध्ये अधिकचं चिन्हही आहे. ती माणसं आज सभागृहात आहेत आणि वेगवेगळ्या रांगांत बसली आहेत, एवढंच सांगते.

आता लाकडाकडे वळू. मोहन्यात वाढलेल्या माणसाला लाकूड म्हणजे काय हे खरं तर वेगळं सांगायला नको. आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील एन.आर.सी.मध्ये होते, माझेही. नॅशनल रेयॉन म्हणजे काय, तर लाकडाचा धागा. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवायचा, कार्बन डायसल्फाइडने विरघळवायचा, आणि बारीक भोकांतून आम्लाच्या टाकीत सोडायचा, की रेशमासारखा तंतू बाहेर येतो. लाकडात साधारण चाळीस ते पन्नास टक्के सेल्युलोज असतं, तेच या धाग्यात उरतं. २००९ मध्ये कंपनीला टाळं लागलं आणि आपल्या गावाचं काय झालं ते इथे कुणाला सांगायची गरज नाही. मला आठवतं ते वडिलांचं एक वाक्य. धागा आणि फळी एकच, फक्त एकात नळ्या मोडल्यात आणि दुसऱ्यात शाबूत आहेत.

त्या नळ्या हाच सगळा खेळ आहे. लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटवलेल्या लाखो बारीक नळ्यांची मोळी. पाणी त्यांच्यात शिरतं, त्या फुगतात. पाणी निघून जातं, त्या आकसतात. मे महिन्यात लाटण्याला टोकाशी चीर जाते ती यामुळेच, कारण टोकाशी नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि तिथलं लाकूड मधल्यापेक्षा लवकर सुकतं. लाकडाला काही 'लावायचं' ते या नळ्यांतलं पाण्याचं येणं-जाणं मंद करायला. चकाकी हा त्याचा एक परिणाम झाला, उद्देश नव्हे.

लावायच्या वस्तू दोन जातीच्या. एक जात लाकडाच्या वर बसते आणि पापुद्रा धरते. दुसरी आत मुरते. मेलामाइन, पीयू, व्हार्निश, आणि आपली लाख, या पहिल्या जातीतल्या. तेल आणि मेण दुसऱ्या. दुकानातला चकचकीत पोळपाट बघितलात तर तो पहिल्या जातीचा असतो.

आपल्या वर्गातला एकजण फर्निचरच्या धंद्यात आहे. तो मला म्हणाला, 'तू उगाच घाबरवतेस. एकदा पूर्ण वाळलं की कुठलंही पॉलिश निर्धोक.' हे त्याचं एकट्याचं मत नाही. बॉब फ्लेक्सनर नावाच्या अमेरिकन जाणकाराने लाकडाच्या फिनिशिंगवर लिहिलेलं पुस्तक जगभरचे सुतार प्रमाण मानतात, आणि तोही हेच सांगतो, की 'फूड सेफ' हा शब्द मुख्यतः डब्यावर छापण्यासाठी आहे, नीट वाळलेलं कोणतंही फिनिश खाण्यासाठी सुरक्षितच असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमातही अन्नाला लागणाऱ्या लेपांत चालणाऱ्या पदार्थांची लांबलचक यादी आहे. त्यात अळशीचं तेल आहे, टंग तेल आहे, कितीतरी रेझिनं आहेत. त्या यादीत नाव असणं मात्र पुरेसं नसतं. तयार झालेल्या लेपातून किती अंश सुटतो याचीही मर्यादा तिथे ठरलेली आहे.

फ्लेक्सनरचं म्हणणं जेवणाच्या टेबलाबाबत मला पटतं. लाटण्याबाबत नाही. टेबलावर आपण ताट ठेवतो. लाटणं मात्र रोज दहा-वीस पोळ्यांवर दाबून फिरतं, घासलं जातं, भांड्यांत आपटतं. उलथनं कढईच्या काठावर दिवसातून दहा वेळा टकटक वाजवलं जातं, ही तर आपल्या बायकांची सवयच आहे आणि आता काही पुरुषांचीही. पापुद्रा त्या ठिकाणी फुटतो. फुटलेला कपचा कुठे जातो? भाजीत. तो पूर्ण वाळलेला असेल तर शरीरातून तसाच बाहेर पडेल, विष नाही होणार, हे मान्य. पण एकदा चीर गेली की पाणी आत शिरतं आणि पापुद्र्यामुळे बाहेर येत नाही. पावसाळ्यात लाटण्यावर काळे ठिपके दिसतात ना, ते पापुद्र्याखाली धरलेल्या ओलीमुळे. आणि 'पूर्ण वाळलेलं' ही अट आहे. ती पाळली गेली की नाही हे गिऱ्हाइकाला बघून कळत नाही. आम्लाने कडक होणाऱ्या मेलामाइनमधून फॉर्मल्डिहाइड निघतं, कपाट नवं असताना डोळे चुरचुरतात ते त्याच्यामुळे. ते कपाटाला चालतं, आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवता येतात. सणासुदीला घाईघाईत मारून तिसऱ्या दिवशी विकलेल्या पोळपाटाला कुणी खिडकी उघडत नाही.

आपल्या मित्राचंही ऐकायला हवं. तो म्हणाला, 'न चकाकणारा पोळपाट कोण घेणार? गिऱ्हाईक हात फिरवतं आणि चकाकी बघतं.' हे खरं आहे. चकाकी मागणारे आपणच आहोत. त्याने माझ्या सांगण्यावरून काही पोळपाट नुसतं तेल लावून दुकानात ठेवलेत आणि शेजारी पाटी लावली आहे. विकले जातील की नाही ते मला त्याच्या हिशेबाच्या वहीवरूनच कळेल. इथले जे कुणी लग्नकार्यात रुखवताला पोळपाट-लाटणं घेणार असतील, त्यांनी त्याच्याकडे चक्कर टाकावी.

आता तेल. इथे मला थोडं रसायनशास्त्र बोलू द्या, सर समोर बसलेत त्यामुळे चुकणार नाही.

तेलं दोन स्वभावाची असतात. काही हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतात, त्यांचे रेणू एकमेकांना हात धरतात आणि शेवटी न विरघळणारं जाळं तयार होतं. काही कधीच घट्ट होत नाहीत. कुठलं तेल कसं वागेल याचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो, म्हणजे १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन पकडतं. खोबरेल साधारण ६ ते १०. शेंगदाणा ९० च्या आसपास. तीळ ११०. सूर्यफूल १३० च्या जवळ. करडई १४०. आणि अळशी, विदर्भात ज्याला जवस म्हणतात, ते १७० पासून २०० पर्यंत. ढोबळ नियम असा की १३० च्या वर गेलं की तेल वाळणारं, त्याच्या बऱ्याच खाली असेल तर कधीच न वाळणारं, मधली धडपडणारी.

म्हणजे बघा, सोलापूर-मराठवाड्यात जे करडईचं तेल पिढ्यान्पिढ्या खाल्लं गेलं, ते वाळणाऱ्या तेलांच्या उंबरठ्यावर उभं आहे. पांढऱ्या रंगांच्या धंद्यात त्याला मान आहे, कारण अळशीसारखं ते पुढे पिवळं पडत नाही. मी ते वापरून पाहिलं. वाळतं, पण आपला संयम बघतं. आणि वाण्याकडच्या रिफाइंड पिशवीतलं तेल घेऊ नका. त्यात खवट होऊ नये म्हणून बहुतेक वेळा ऑक्सिडीकरण रोखणारा पदार्थ घातलेला असतो, आणि आपल्याला इथे नेमकं ऑक्सिडीकरणच हवं आहे.

आमची आजी पोळपाटाला बोटभर खोबरेल चोळायची. अनेकांच्या घरी शेंगदाण्याचं तेल चोळत असतील. ही पद्धत चूक आहे असं इंटरनेटवाले सांगतात, ते मला पटत नाही. खोबरेलातली नव्वद टक्के चरबी संपृक्त असते, तिला हवेशी फारसं देणंघेणं नसतं, त्यामुळे ते सहज खवट होत नाही. शेंगदाण्याचं होतं. पण आजीच्या घरी पोळपाट रोज दोन वेळा वापरला जायचा, धुतला जायचा, उन्हात उभा केला जायचा. तेलाला खवट व्हायला फुरसतच नव्हती. आपण महिन्यातून चार वेळा पोळ्या लाटतो, उरलेले दिवस पोळीवाल्या मावशी किंवा तयार पाकीट. मग तेच शेंगदाण्याचं तेल बंद कपाटात बसून वास मारायला लागतं. पद्धत तीच, घर बदललं.

औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन, ज्याच्या बाटलीवर आय.पी. लिहिलेलं असतं, ते पोटात घ्यायच्याच दर्जाचं असतं. बद्धकोष्ठावर देतात, हे डॉक्टर मंडळी हसत हसत सांगतील. ते खवट होत नाही, वास नाही, स्वस्त आहे. वाळतही नाही. म्हणजे धुताना थोडं थोडं जातं आणि महिन्या-दीड महिन्याने पुन्हा लावावं लागतं. पोळपाट, चॉपिंग बोर्ड, पिठाची काथवट यांना माझ्या मते हेच सगळ्यात सोपं. आळशी माणसाला सोपं नाही.

मधमाशीचं मेण तेलात मिसळून लावलं की हाताला फार छान लागतं. एक भाग मेण, चार भाग तेल, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचं, थेट गॅसवर नाही. पण मेण ६३ अंशांच्या आसपास वितळतं. उकळत्या आमटीत उलथनं घातलंत की मेण आमटीत. खाण्यालायक आहे, काही होणार नाही, पण लावलेलं टिकणार नाही. म्हणून मेण पोळपाटाला, रवीच्या दांड्याला. आमटीत बुडणाऱ्या वस्तूला नाही.

आता लाख. हिच्याबद्दल मला विशेष प्रेम आहे. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम या झाडांवर राहणाऱ्या एका बारीक किड्याने स्वतःभोवती केलेलं कवच. झारखंडात रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून तिच्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे. लाख खाण्यालायक असते. औषधाच्या गोळ्यांवर, चॉकलेटवर, परदेशातून येणाऱ्या सफरचंदांवर जो तकतकीतपणा असतो तो पुष्कळदा तिचा, वेष्टनावर ई ९०४ असं लिहिलेलं असतं. आणि आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं, भातुकली, पाट आठवा. खरं लाखकाम म्हणजे चरकावर लाकूड फिरत असताना रंगीत लाखेची कांडी टेकवायची. घासण्याच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. कर्नाटकात चन्नपट्टणला अजून असंच करतात आणि शेवटी केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. ब्रश नाही, थिनर नाही. मूल चोखणार हे गृहीत धरून केलेलं काम आहे ते. आज बाजारात त्याच आकाराची बरीच खेळणी ऑईल पेंटची असतात, लांबून फरक कळत नाही. विकत घेताना विचारा. विचारणारं गिऱ्हाईक दिसलं की विकणाराही सांगायला लागतो.

मग उलथन्याला लाखच का नाही लावली? कारण लाख सत्तर-ऐंशी अंशांत मऊ पडते, स्पिरिटमध्ये विरघळते आणि साबणासारख्या अल्कलीला शरण जाते. मी गॅलरीत पाच उलथनी वेगवेगळी करून महिनाभर वापरली. चपडा लाख लावलेलं पहिल्याच आठवड्यात वरणात पांढरं पडलं. मसाल्याच्या डब्याला, मिठाच्या बरणीच्या झाकणाला बाहेरून मात्र लाखेसारखी दुसरी वस्तू नाही. मेण-तेलाचं उलथनं पंधरा दिवसांत कोरडं झालं. पॅराफिनचं त्यापेक्षा जरा जास्त टिकलं. एकाला काहीच लावलं नव्हतं. ते पहिले दोन-तीन दिवस खरखरीत झालं, कारण पाण्याने लाकडाचे तंतू उभे राहतात, पण ते घासून काढल्यावर पुढे बिचाऱ्याने काही तक्रार केली नाही. लाकडी वस्तूला काहीच न लावणं हाही एक पर्याय आहे, आणि रोज वापरणाऱ्या घरात तो मला वाईट वाटत नाही.

पाचवं अळशीच्या तेलाचं. तेच तुमच्या हातात आहे.

पण कुठलं अळशीचं तेल, इथे फार गोंधळ होतो. रंगाच्या दुकानात मिळतं त्याच्या डब्यावर 'डबल बॉइल्ड' लिहिलेलं असतं. ते लवकर वाळावं म्हणून त्यात कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घातलेले असतात, जुन्या काळी शिशाचेही असत. दरवाजाला उत्तम. उलथन्याला मी ते वापरत नाही. वाळल्यावर धातू जाळ्यात अडकून राहतात हे फ्लेक्सनरचं म्हणणं असेलही बरोबर, पण डब्यावर काय आणि किती घातलंय ते लिहिलेलं नसेल तर मी त्यावर विश्वास ठेवायला बांधील नाही. आमच्या धंद्यात याला डॉक्युमेंटेशन नसलेला कोड म्हणतात. (अट मोडली, माफ करा.) मी वापरलंय लाकडी घाण्यावरचं खाण्याचं जवस तेल, जे विदर्भात भाकरीबरोबर खातात तेच. ते कच्चं असल्यामुळे हळू वाळतं. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासाने जेवढं निघेल तेवढं सगळं कापडाने पुसून काढायचं, आणि उन्हात टांगायचं. पुसलं नाही तर वर चिकट थर बसतो आणि तो महिनोन्महिने बोटांना लागतो. असे तीन हात, मध्ये चार-चार दिवस. मग सव्वा महिना वाट. पावसाळ्यात त्याहून जास्त. वाळलं की नाही हे नाकाला कळतं. वास पूर्ण गेला म्हणजे झालं.

शिसवी का नाही, असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. शिसव दिसते देखणी, पण त्या जातीच्या लाकडांत असे नैसर्गिक पदार्थ असतात की जे तेलाचं वाळणं अडवतात. सागातही थोडंफार तसंच. बाभूळ कोरताना मनगटं भरून येतात, पण ती तेल निमूटपणे पिते.

आता एक गोष्ट जी मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते, कारण हे ऐकून तुमच्यातले काहीजण घरी जाऊन अळशीचं तेल आणणार आहेत. तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर टाकतं. उलथन्यावर ती हवेत निघून जाते. चुरगळलेल्या फडक्याच्या बोळ्यात ती साठत जाते आणि काही तासांत फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ठिणगी लागत नाही, काडी लागत नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत पेटली, तीन अग्निशमन जवान गेले. सुरुवात २२ व्या मजल्यावर लाकडाला तेल लावून टाकून दिलेल्या फडक्यांतून झाली. फडकं दोरीवर एकेरी वाळत घाला, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा. पॅराफिन आणि खोबरेलाला हा धोका नाही, कारण ती वाळतच नाहीत. घरात लहान मुलं आणि थोडी जागा असेल तर माझा सल्ला, पॅराफिनवरच थांबा.

जंतूंचं काय, हे बाईंनी मघाशी चहाच्या वेळी विचारलं. विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लाइव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये लाकडी आणि प्लॅस्टिकच्या चॉपिंग बोर्डांवर जंतू सोडून पाहिलं होतं. प्लॅस्टिकवरचे जंतू परत सापडत होते आणि रात्रभर ठेवले तर वाढत होते. लाकडाने तो ओलावा काही मिनिटांत शोषून घेतला आणि जंतू परत मिळेनासे झाले. त्याच नळ्या. खनिज तेल लावल्याने त्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यांनी पाहिलं. याचा अर्थ धुवायचं नाही असा नव्हे. धुवा, पण सिंकमध्ये खरकट्यात रात्रभर बुडवून ठेवू नका. डिशवॉशरमध्ये तर नकोच. धुऊन उभं करून ठेवा, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असं.

हळदीचा डाग पडेल. त्याला माझ्याकडे उपाय नाही, आणि अशा उलथन्यावर हळदीचा डाग असायलाच हवा असं माझं मत आहे. सहा महिन्यांनी खरखरीत वाटलं तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा आणि लावायचंच असेल तर थोडं तेल लावा. नॉनस्टिकच्या तव्याला ओरखडे पडणार नाहीत, खरं तर लाकडी उलथनी आपल्या घरात परत आली ती त्या तव्यांमुळेच.

एक शेवटचं. उलथन्याची धार तिरकी आहे. ती उजव्या हाताने ढवळणाऱ्यांसाठी आहे. आपल्या वर्गात चारजण डावखुरे होते असं मला आठवतं, त्यांनी आपलं उलथनं कढईत उलटं पडतंय अशी तक्रार करण्याआधी जाताना माझ्याकडे नाव द्यावं, दुसरं करून पाठवीन. बाईंनी त्यांचं नाव आधीच दिलं आहे.